चौथा ठोका

या मालक, जपून उतरा. शिडीची सगळ्यात खालची पायरी कधीच गेली आहे. तिच्या भरवशावर पाय टाकलात तर थेट माझ्या मांडीवर येऊन बसाल. हां, असं. आता मान खाली घाला. या खोलीत ताठ मानेने कोणी उभं राहिलेलं नाही, मग तो मालक का असेना.

बसा या बाकावर. दिवा जरा मोठा करतो. बाहेर अजून ऊन असेल, पण इंजिनखोलीत भरदुपारीही दिवा लागतो. आणि एक आधीच सांगून ठेवतो. तुमच्या उजव्या खांद्याशी ती पितळेची मूठ लोंबते आहे ना, तिला हात लावू नका. टेकूसुद्धा नका.

तुमचं काम मला ठाऊक आहे. तुम्ही ही बोट भंगारात घेतलीत, उद्या तोडायला माणसं येणार, आणि त्याआधी या म्हाताऱ्याने खोली रिकामी करावी एवढंच तुमचं म्हणणं. आधीचे मालकही हेच सांगायला याच शिडीने उतरले होते. मी कोणालाच नाही म्हटलं नाही. फक्त माझा एक ठोका राहिला आहे. तो झाला की मी आपण होऊन उठेन, हात धुईन आणि घरी जाईन. हसताय? हसा. पण आलाच आहात तर ऐकून घ्या.

वर कोण चालतंय? तुमचा धाकटा भाऊ? मापं घेतोय होय! बुटांच्या टाचा चांगल्या वाजतात त्याच्या. त्याला म्हणावं, केबिनमध्ये तेवढा जाऊ नकोस. नाही, फळ्या कुजल्या आहेत म्हणून नाही. बरं, राहू द्या. माझं सांगून झालं की तुम्हीच त्याला हाक माराल.

ही बोट बांधली ती थोरल्या मालकांनी. या धक्क्यावरून खाडीपलीकडच्या धक्क्यापर्यंत माणसं न्यायची, तिकडची इकडे आणायची. शाळेची पोरं, बाजाराच्या बायका, कचेरीतले बाबू, इस्पितळात निघालेले आजारी, सगळे हिच्याच पाठीवर. थोरले स्वतः वर केबिनमध्ये चाक धरायचे. दुसऱ्या कोणाला चाकाला हात लावू द्यायचे नाहीत. माझे उस्ताद खाली इंजिन सांभाळायचे आणि मी उस्तादांच्या हाताखाली. मी तेव्हा काही पोरगा नव्हतो, घरी रांगणारी मुलगी होती माझी.

आता यातली गोम बघा. खाली बसलेल्या माणसाला बाहेरचं काही म्हणजे काही दिसत नाही. धक्का कुठे, समोर कोण आलं, दिवस आहे की मावळला, सगळा अंधारच. त्याला कळते ती फक्त घंटा. ती बघा, डिझेलच्या टाकीमागे. वर थोरले तार ओढायचे, की इथे ही वाजायची. एक ठोका म्हणजे पुढे. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे मागे. खाली उस्ताद ही मूठ तेवढ्याच वेळा ओढायचे, की वर केबिनमधली घंटा वाजायची. त्याला आम्ही जाब म्हणायचो. जाब दिला की हुकूम घेतला. मग मध्ये शंका नाही, प्रश्न नाही, हात सरळ इंजिनवर.

आणि शेवटी चार ठोके. ते दिवसातून एकदाच. बोट बांधली, माणसं उतरली, काम संपलं, की चार. ती सुटी. सुटीचे चार झाल्याशिवाय उस्ताद जागचे हलायचे नाहीत. थोरले कधी धक्क्यावर कोणाशी गप्पा मारत उभे राहिले, तर उस्ताद इथे या बाकावर बसून. मी म्हणायचो, "उस्ताद, बोट बांधून झाली, चला की." ते म्हणायचे, "ज्याला जाब दिला त्याने सोडायला नको का?"

थोरल्यांचा चेहरा मी फार पाहिलेला नाही. पण त्यांचं पाऊल ओळखायचो. एक पाय अधू होता, तो ओढत चालायचे. डोक्यावर या फळ्यांवरून आवाज यायचा, ठप... सर्रर्र... ठप... सर्रर्र. आणि त्यांचा हातही ओळखायचो. तुम्हाला खोटं वाटेल, पण प्रत्येकाच्या हाताचा ठोका वेगळा असतो. कोणी हिसका देतं, कोणी तार दाबून धरतं. थोरल्यांचा ठोका कोरडा, तुटक. रागावलेल्या माणसासारखा, आणि ते रागावलेले नसायचेच कधी.

एका हिवाळ्यात संध्याकाळच्या फेरीला असं धुकं पडलं की शिडीच्या तोंडातून ते खाली या खोलीत उतरायला लागलं. खाडीच्या मध्यावर दोन ठोके आले. थांब. उस्तादांनी जाब दिला, इंजिन थांबवलं. आम्ही वाट बघत बसलो. पुढचा हुकूम येईना. वर बाया कुजबुजायला लागल्या. फळ्यांवर पाऊल वाजेना. शेवटी दोर सांभाळणारा माणूस केबिनमध्ये गेला आणि ओरडत बाहेर आला. केबिन रिकामी. चाक ओलं, खालची फळी ओली, आणि थोरले नाहीत. पाण्यात काही पडल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. पुढे कितीही शोधलं तरी काही सापडलं नाही.

बोट दुसऱ्या नावेने ओढून धक्क्याला आणली. सगळे उतरले, उस्ताद उतरेनात. "सुटी झाली नाही," एवढंच. चौघांनी उचलून वर काढलं त्यांना. त्यानंतर ते घरी होते, पण आपल्या पलंगावर पाठ म्हणून टेकली नाही त्यांनी. भिंतीला टेकून बसायचे, उजवा हात असा वर. मूठ धरल्यासारखा. गेले तेव्हाही तो हात खाली आणताना त्यांच्या मुलाला जड गेलं. जायच्या आधी मला म्हणाले, "वरचा हात जिवंत माणसाचा आहे का ते बघायचं. मगच जाब द्यायचा." मी होय म्हटलं. मरणाऱ्या माणसाला कोण नाही म्हणतं?

मग थोरल्यांचे धाकटे भाऊ मालक झाले. त्यांनी पगारी सारंग ठेवले चाक धरायला, बाकं वाढवली, वर छप्पर घातलं, आणि बोट चाललीच की आणखी कितीतरी वर्षं. पाण्याला त्यांचा पाय मात्र लागला नाही. धक्क्यावर खुर्ची टाकून बसायचे. मला वाटायचं, माणूस भित्रा आहे. आता वाटतं, शहाणा होता. कारण काय, सुटीचे चार ठोके होऊन मी हात धुवायला लागलो, की कधी कधी आणखी दोन यायचे. कोरडे, तुटक. सारंग तोवर धक्क्यावर विडी ओढत उभा असायचा. मी जाब द्यायचो नाही. हात धुवायचो आणि भराभर शिडी चढायचो.

मग बोट विकत घेऊन आला कंत्राटदार. तो फार पुढचा माणूस. म्हणाला, घंट्या कसल्या वाजवता, देवळात आहात का? त्याने केबिनमध्ये दांडा बसवला. सारंगाने वर दांडा लोटला की खाली इंजिन आपोआप हलायचं. वरची घंटा काढून विकली, तार कापली. ही खालची टाकीमागे अडकली होती म्हणून राहिली. मला काम उरलं तेलपाण्याचं. खरं सांगू? मला बरं वाटलं. घंटा मेली, आता कसली भीती? आणि वर चाकावर कोण होता माहीत आहे का? माझा जावई. हसरं पोरगं. गमबूट घालायचा, थपक थपक वाजवत फिरायचा. मुलगी म्हणायची, बाबा, तुमच्या डोक्यावर नाचतो की काय तो.

भाऊ तुमचा पुढच्या अंगाला गेला वाटतं. पावलं लांबली. असो.

त्या दिवशी दुपारचीच फेरी होती. मुलीचे दिवस भरत आले होते, तपासायला ती पलीकडच्या इस्पितळात निघाली होती. शिडीच्या तोंडाशी वाकून मला डबा दिला आणि पुढच्या बाकावर जाऊन बसली. निघालो तेव्हा लख्ख होतं. मध्यावर आलो आणि शिडीतून धुकं उतरायला लागलं. त्याच वासाचं. चिखल, गंजलेलं लोखंड आणि विझवलेल्या वातीचा वास. मी उभा राहिलो. आणि घंटा वाजली.

दोन.

कापलेल्या तारेचं टोक तिथे हवेत लोंबत होतं मालक. मी बघत होतो त्याच्याकडे. उस्तादांचं बोलणं आठवायला पाहिजे होतं. पण उभा जन्म ज्या हाताने हेच केलं त्याला कोण अडवणार? हात वर गेला, मूठ दोनदा ओढली. जाब देऊन बसलो. आणि जाब दिल्यावर इंजिन थांबवलंही.

वरून जावई ओरडला, "मामा! बंद का केलंत?"

मी म्हटलं, "थांब... घंटा झाली."

तो काही बोलायच्या आत बोटीच्या अगदी नाकासमोरून रेती वाहणारा एक मोठा पडाव आडवा गेला. भोंगा नाही, दिवा नाही. त्याच्या लाटेने मी या टाकीवर आपटलो. आम्ही चालत असतो तर पुढचं बाक पहिलं गेलं असतं. माझी लेक, तिच्या पोटातलं, सगळं. लोकांनी माझे पाय धरले. जावई खाली येऊन गळ्यात पडला. मी त्याला ते तारेचं टोक दाखवलं. तो हसला नाही.

थोरल्यांनी वाचवलं असंच मी धरून चाललो. अजूनही तसंच धरतो, दुसरं काही मनात आणवत नाही. पण त्या दिवसापासून ठोके यायला लागले. जावयाने दांडा लोटायच्या आधी एक, धक्का आला की तीन. बरोबर वेळेवर. आणि मी प्रत्येकाला जाब द्यायचो. फक्त संध्याकाळी बोट बांधल्यावर चार काही यायचे नाहीत.

आणि मला उठता येईना. कोणी धरून ठेवलं होतं असं नाही. घरी जायला शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवायचो आणि वाटायचं, इंजिन चालू ठेवून मी पळून चाललोय आणि वर माणसं भरलेली आहेत. परत येऊन बसायचो. जेवण इथेच, झोप इथेच. मुलगी रडायची, "बाबा, बाळ होईल आता, तुम्ही घरी नको का?" वैद्य आणले, आणखी कोणी कोणी आणले. मी म्हणायचो, सुटी होऊ दे.

मग जावयाच्या डोक्यात आलं. प्रेमाने आलं हो, वाईट बुद्धीने नाही. म्हणाला, "मामा, सुटी वरून यायला पाहिजे ना? मी आहे की वर. मी देतो."

त्याने नवी तार आणली, केबिनपासून या घंटेपर्यंत जोडली. स्वतःच्या हाताने. मला उस्तादांचं वाक्य आठवलं, आणि वाटलं, झालं, हा तर जिवंत माणसाचा हात आहे. यात काय वाईट? मी त्याला अडवलं नाही. संध्याकाळी बोट बांधली. ओहोटी होती, खाली नुसता चिखल. मुलगी धक्क्यावर उभी होती मला न्यायला. तो वर गेला. थपक थपक पावलं केबिनमध्ये गेली, थांबली. मी हात धुऊन, चपला घालून तयार.

एक. त्याच्या हाताचा ठोका, लांब आणि मऊ.

दोन.

तीन.

मी वाट बघतोय. मूठ धरून ठेवली होती, चौथा आला की चारदा ओढायची. चौथा येईना. मी हाक मारली. पाऊल वाजेना. आणि मग डोक्यावर... ठप... सर्रर्र... ठप... सर्रर्र.

शिडी कशी चढलो आठवत नाही. केबिन रिकामी होती. चाक ओलं, फळी ओली. तार ताणलेलीच होती मालक, कोणीतरी ओढून धरल्यासारखी. मी हात लावला तेव्हा सैल पडली. खाली चिखल साईसारखा सपाट, त्यावर एक पाऊल नाही, एक ओरखडा नाही. धक्क्यावरून मुलगी विचारत होती, "बाबा, ते कुठे आहेत?"

मी शिडी उतरलो आणि परत या बाकावर येऊन बसलो.

त्यानंतर बोट चालली नाही. कंत्राटदाराने तार काढून टाकली, बोट विकली. पुढच्या मालकाने हिला इथल्या इथेच खानावळ करायला घेतलं. टेबलं मांडली, रंगीत दिवे लावले. पण वाढप्यांनी काम सोडलं. गिऱ्हाईक नसताना माडीवर चालतं कोण, म्हणायचे. हिला माडी कुठे आहे, छपरावर आभाळ! तोही गेला. आता तुम्ही.

मी इथेच आहे, कारण एक ठोका राहिलाय आणि तो माझ्या जावयाच्या हातचा आहे. वर तो आहे. संध्याकाळी गमबूट वाजतात, त्यांच्यामागे तो ओढलेला पाय. मी उठून गेलो तर त्याच्या हातातला ठोका कोणासाठी? मला वाटतं, तो चौथा झाला की आम्ही दोघेही सुटू. वेडा म्हणा. नातू आता मिसरूड फुटायच्या वयाचा झालाय. मुलगी रोज डबा घेऊन येते, शिडीच्या तोंडाशी वाकून विचारते, "बाबा, झाला का?" मी म्हणतो, आज नाही. ती डबा ठेवून जाते. तुम्ही उद्या बोट तोडाल तर ती उद्या काय विचारील, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता बोलवा भावाला खाली. बघा, पावलं केबिनकडे चालली... मालक, हाक मारा त्याला. मोठ्याने...

ऐकलंत?

एक. एकच ठोका.

नाही, नाही... थांबा. हा... अहो, मूठ सोडा! मूठ का ओढलीत? "भाऊ गंमत करतोय," म्हणे! तार नाही वर, मालक. केव्हाच काढली. तो कशाने वाजवील? आणि तुम्ही जाब दिलात.

जा, बघून या. माझ्यावर विश्वास नसेल तर जा. पायरी सांभाळा.

आलात? नाही ना कोणी? चाक ओलं असेल. चिखलाकडे पाहिलंत? हो, तसाच. सपाट. पाणी घ्या.

इतक्या वर्षांनी चौथा ठोका. मी चपलाही शोधायला लागलो होतो. पण तो हात माझ्या जावयाचा नव्हता मालक. लांब नव्हता, मऊ नव्हता. हिसका दिल्यासारखा होता. तुमच्या भावाला दार ओढताना हिसका द्यायची सवय आहे का?... हो ना.

श्शू... ऐका. ठप, सर्रर्र. ते थोरले. मग थपक थपक, तो माझा. आणि त्यामागे... टाचा. बघा, चांगल्या वाजतात.

अहो, असे धावू नका. वर गेलात की काही ऐकू येत नाही, आणि कोणी दिसतही नाही. मी किती वेळा गेलोय. पावलं फक्त खालूनच ऐकू येतात.

उद्या माणसं येतील त्यांना काय ते सांगा. मालक तुम्ही आहात, तुमचं ऐकतील. बसा आता. मी जरा सरकतो, या बाकावर दोघं सहज मावतात. मुलगी येईल एवढ्यात. तिला सांगतो, उद्यापासून दोघांचा डबा आण.